'जिंजर' या शब्दात शिंग आहे की नाही?

गादीवाफा

नमस्कार. मी छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या कन्नड तालुक्यात एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवतो आणि घरी दीड एकर अद्रक आहे. पुढे भाषांचा विषय निघणार असल्यामुळे आधीच सांगून ठेवतो, की कन्नड हे आमच्या तालुक्याचे नाव. भाषेसाठी मी कानडी हाच शब्द वापरीन, म्हणजे गोंधळ होणार नाही.

शाळेच्या दर्शनी फळ्यावर मी दर सोमवारी एका इंग्रजी शब्दाची कुळकथा लिहितो. या आठवड्यासाठी 'जिंजर' घेतला, कारण वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या घरी हेच पीक आहे आणि लागवडीच्या दिवसांत तीच मुले सकाळी बेणे निवडून मग शाळेत येतात. काही महिन्यांपूर्वी एका कार्यशाळेत वक्त्यांनी सांगितले होते, की हा शब्द संस्कृत 'शृंगवेर' यापासून निघाला. शृंग म्हणजे शिंग, वेर म्हणजे शरीर, म्हणून शिंगासारखे अंग असलेले ते शृंगवेर. सभागृहात टाळ्या पडल्या. मलाही ते पटले, कारण गड्डा मातीतून उपटून झटकला की त्याला फुटलेले फाटे खरोखरच काळविटाच्या शिंगांसारखे दिसतात.

घरी येऊन लिहायला बसलो तेव्हा मात्र शंका येऊ लागल्या. एक म्हणजे 'श' चा 'ज' कसा झाला, याचे उत्तर वक्त्यांनी दिले नव्हते. दुसरे, वेर म्हणजे शरीर हा अर्थ मी आजवर कोणत्याही श्लोकात वाचलेला नाही. तिसरी शंका जरा वेगळ्या दिशेने आली. मागच्या हंगामात माल भरायला आलेल्या ट्रकचा चालक तमिळ होता. तो गोण्यांकडे बोट दाखवून 'इंजी, इंजी' म्हणू लागला, तेव्हा हा मोडके इंग्रजी बोलतो आहे असे समजून आम्ही हसलो. नंतर कळले, की तमिळमध्ये अद्रकाला इंजीच म्हणतात. मग 'इंजी' आणि 'जिंजर' यांचे नाते काय? तमिळ माणसाने तो शब्द इंग्रजांकडून घेतला, की इंग्रजांनी त्याच्याकडून?

आणखी एक घरगुती प्रश्न. पुण्याकडचे पाहुणे 'आले' म्हणतात, आम्ही 'अद्रक' म्हणतो. आमच्याकडे कोणी 'बाजारात आले आले का?' असे विचारले, तर ऐकणारा आधी दाराकडे पाहतो. या दोन शब्दांचा 'जिंजर'शी काही संबंध आहे का? सोमवारपर्यंत उत्तर मिळाले तर उपकार होतील.

शब्दांची चाळण

गादीवाफा सर, तुमच्या तिन्ही शंका रास्त आहेत, आणि माझ्या मते ट्रकचालकाची शंका सर्वांत मोलाची आहे. उत्तर थोडे लांबेल.

वक्त्यांचे निम्मे म्हणणे बरोबर आहे. 'जिंजर' हा शब्द भारतातून गेला यात वाद नाही, आणि संस्कृतात 'शृंगवेर' हा शब्द आहे यातही नाही. अमरकोशात 'आर्द्रकं शृङ्गवेरं स्यात्' असे सरळ दिले आहे. अडचण शिंगाची आहे. पालीमध्ये हाच शब्द 'सिंगिवेर' असा येतो. आता पालीत शृंग या शब्दाचे रूप 'सिंग' असे होते, जसे मराठीत 'शिंग' झाले. म्हणजे शृंगवेर हा मूळ शब्द असता, तर पालीत 'सिंगवेर' मिळायला हवा होता. मधला तो 'इ'कार कोठून आला? बरे, हा 'इ'कार पालीपुरताच नाही. ग्रीकांनी ऐकलेल्या 'झिंगिबेरिस' या रूपातही तो आहे. परदेशी व्यापाऱ्याच्या कानावर जो शब्द पडला तो 'गि' असलेला होता. संस्कृतातल्या शब्दात मात्र 'ग' आहे.

याचा उलगडा तमिळ-मल्याळममध्ये होतो. तिथे आल्याला 'इंजी' म्हणतात आणि मुळाला 'वेर' म्हणतात. हा 'वेर' आजही रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. झाडाचे मूळ म्हणजे वेर. संस्कृतातल्या 'वेर' या शब्दाला शरीर हा अर्थ कोशांनी दिला आहे खरा, पण तो कोशापुरताच राहिला. तेव्हा 'शिंगासारखे शरीर' असा ओढून आणलेला अर्थ घ्यावा की 'इंजीचे मूळ' हा साधा अर्थ घ्यावा, याचे उत्तर शेतकऱ्याला सांगण्याची गरज नाही.

तुम्ही विचाराल, की इंजीच्या सुरुवातीला 'स' कुठे आहे? तो गळून पडला आहे. दक्षिणेकडच्या द्राविडी भाषांत शब्दारंभीचा 'च' किंवा 'स' अनेक शब्दांत लोप पावला, हे टी. बरो या संस्कृत आणि द्राविडी भाषांच्या अभ्यासकाने दाखवून दिले. म्हणजे एके काळी दक्षिणेत 'चिंगि' किंवा 'सिंगि' यासारखे काहीतरी म्हणत असत. त्या काळात तो शब्द 'वेर'सह उत्तरेकडच्या भाषांनी उचलला आणि 'सिंगिवेर' केला. पुढे तमिळमध्ये आरंभीचा वर्ण गेला, मधल्या 'ङ्ग'चा 'ञ्ज' झाला आणि 'इंजी' उरले. उत्तरेत मात्र संस्कृत पंडितांच्या कानाला 'सिंगि' हे 'शृंग'चे बिघडलेले रूप वाटले. त्यांनी ते दुरुस्त करून 'शृंगवेर' केले आणि कंदाच्या आकाराने त्यांना साथ दिली. म्हणजे शिंग मागाहून बसवलेले आहे. बहुतेक भाषाशास्त्रज्ञ आज हेच मानतात. ॲलन रॉस या इंग्रज अभ्यासकाने तर 1952 मध्ये या एकाच शब्दावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली.

असे आपल्याकडेही घडते. अडकित्ता या शब्दाचा संबंध 'अडकणे'शी जोडणारे पुष्कळ लोक मला भेटले आहेत, कारण सुपारी त्यात अडकते. वास्तविक त्यातला 'अडक' म्हणजे कानडीतली 'अडके', अर्थात सुपारी. परका शब्द घरात आला की आपण त्याला घरातले कपडे घालतो. संस्कृतच्या पंडितांनी वेगळे काही केले नाही. फक्त त्यांचे कपडे भरजरी होते.

आता 'श' चा 'ज' कसा झाला ते पाहू. मूळ ध्वनी 'श' नव्हे, 'स' होता, हे वर आलेच. ग्रीकमध्ये तो 'झ' झाला; 'व' हा ध्वनी त्या काळच्या ग्रीकमध्ये राहिला नव्हता म्हणून 'वेर'चा 'बेर' झाला. पहिल्या शतकातल्या डायोस्कोरिडीस या वैद्याच्या ग्रंथात 'झिंगिबेरिस' मिळतो. लॅटिनने तो 'झिंगिबेर' असा घेतला. उत्तरकालीन लॅटिनमध्ये बोलताना 'झ' आणि 'इ'पूर्वीचा 'ग' हे दोन्ही ध्वनी 'ज'च्या जवळ आले, आणि लेखनिक 'झिंगिबेर'ऐवजी 'गिंगिबेर' लिहू लागले. इंग्लंडमध्ये नॉर्मन लोक येण्याच्या आधीच, जुन्या इंग्रजीतल्या वैद्यकीय लेखनात हा शब्द 'गिंगिफेर' अशा वर्णांनी लिहिलेला आढळतो. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर फ्रेंचमधला 'जिंजिव्र' आला, दोन्ही मिसळले, मधला 'व' झिजला आणि 'जिंजर' तयार झाला.

मुलांना फळ्यावर दाखवण्यासारखी एक गोष्ट यात आहे. 'जिंजर'मध्ये दोन 'ज' आहेत आणि ते सख्खे भाऊ नाहीत. पहिला 'ज' हा मूळच्या 'स'चा वंशज आहे: स, मग झ, मग ज. दुसरा 'ज' हा 'ङ्ग'मधल्या 'ग'चा वंशज आहे. आणि गंमत अशी, की तोच 'ग' तमिळमध्येही 'ज' झाला, पण स्वतंत्रपणे. तुमचा ट्रकचालक इंग्रजी बोलत नव्हता आणि इंग्रजांनी तमिळ उचलले असेही नाही. एकाच शब्दाच्या दोन शाखा दोन हजार वर्षे वेगवेगळ्या वाटांनी चालून तुमच्या शेताच्या बांधावर भेटल्या.

तेरणाकाठ

फार छान विवेचन आहे. मी धाराशिव जिल्ह्यातला आहे आणि आमच्या तेर गावाचा उल्लेख इथे व्हायलाच हवा असे मला वाटते. तेर म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकात एका अनाम ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या सागरप्रवासाच्या टिपणात पैठण आणि तगर या दोन्ही नगरांची नावे आहेत: भडोचपासून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. इथला माल गाड्यांवर लादून भडोच बंदरात जात असे.

दुसरे असे, की इटलीतल्या पॉम्पेई शहराच्या उत्खननात 1938 मध्ये एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, जी आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्याशी शैलीने जुळणाऱ्या मूर्ती भोकरदनला आणि तेरला मिळाल्या आहेत. इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक होऊन पॉम्पेई गाडले गेले, आणि त्याच उद्रेकात थोरला प्लिनी हा रोमन लेखक मरण पावला. या प्लिनीने आपल्या ग्रंथात आल्याचा भाव लिहून ठेवला आहे: पौंडाला सहा दिनार. म्हणजे आल्याचा भाव लिहिणारा माणूस आणि मराठवाड्याच्या घाटणीची मूर्ती एकाच राखेच्या पावसात सापडली. तेव्हा हा शब्द आपल्या तेर-पैठणच्या गाड्यांतूनच रोमला गेला, असे म्हणायला काय हरकत आहे?

लेणीवाट

तेरणाकाठ दादा, मूर्तीबद्दलचे आपले म्हणणे योग्य आहे आणि प्लिनीचा योगायोग माझ्या लक्षात कधी आला नव्हता. शेवटच्या वाक्याला मात्र माझी हरकत आहे. पेरिप्लसकाराने पैठणहून मोठ्या प्रमाणात गोमेदासारखे खडे आणि तगरहून जाडेभरडे कापड व मलमल जात असल्याचे लिहिले आहे. त्या यादीत आले नाही. गाडी आपली होती म्हणून तिच्यात नसलेला माल भरता येत नाही.

प्लिनीच्या वाक्यातच वाटेची खूण आहे. आले अरबस्तानात आणि तांबड्या समुद्राच्या आफ्रिकी किनाऱ्यावर पिकते, असे तो लिहितो. डायोस्कोरिडीसचाही समज तसाच होता. ते तिथे पिकत असो वा नसो, रोमला माल तिथल्या व्यापाऱ्यांकडून मिळत होता एवढे यावरून कळते. ज्याच्या दुकानातून वस्तू आणली त्याच्याच शेतात ती पिकली असे गिऱ्हाईकाला वाटते, तसलाच हा प्रकार. आले म्हणजे मिऱ्याच्याच झाडाचे मूळ, असा समज त्या काळी रोममध्ये होता आणि प्लिनीने तो खोडून काढला आहे. मिऱ्याशी गाठ घातली जाणे स्वाभाविक होते, कारण दोन्ही माल एकाच समुद्राने येत होते. 'पेपर' या इंग्रजी शब्दाचा पूर्वजही इथलाच, 'पिप्पली'. पण पिप्पली म्हणजे आपली लांबट पिंपळी. पाश्चात्त्यांनी तिचे नाव मिऱ्यालाही चिकटवले. त्यामुळे नाव पिंपळीचे आणि माल मिऱ्याचा, अशी अदलाबदल इंग्रजीत आजतागायत चालू आहे.

मी विद्यापीठात पाली शिकलो असल्यामुळे 'सिंगिवेर'बद्दल थोडी भर घालतो. विनयपिटक या बौद्ध भिक्षूंच्या नियमग्रंथाच्या महावग्ग या भागात औषधांविषयी एक प्रकरण आहे. आजारी भिक्षूंना कोणती मुळे औषध म्हणून जवळ ठेवता येतील, याची यादी त्यात दिली आहे. तिची सुरुवात अशी होते: हलिद्दी, सिंगिवेर, वचा. हळद, आले, वेखंड. आमच्या आजीच्या बटव्यातला क्रम याहून वेगळा नव्हता. यादीचा मथळा 'मूळे' असा आहे, हे लक्षात घ्या. शब्दाच्या पोटात 'वेर' म्हणजे मूळ आधीच बसलेले असताना त्याला मुळांच्या यादीत दुसरे स्थान मिळाले आहे. चाळण यांनी मांडलेल्या व्युत्पत्तीला हा पुरावा म्हणता येणार नाही, पण वाचताना मौज वाटते.

आक्षेपाची एक जागा मात्र उरते. पालीत 'सिंगी' म्हणजे शिंगे असलेला असाही शब्द आहे. मग 'सिंगी' आणि 'वेर' मिळून 'शिंगे असलेले शरीर' असे कोणी म्हटले तर?

शब्दांची चाळण

लेणीवाट, आक्षेप बरोबर जागी आहे. 'शृंगी' घेतला तर 'इ'काराची सोय लागते, हे मान्य. परंतु मग दोन गोष्टी अनुत्तरित राहतात. 'वेर'चा शरीर हा अर्थ पुन्हा कोशातूनच उसना आणावा लागतो. आणि तमिळ-मल्याळममधल्या 'इंजी'चे काय करायचे? ते 'शृंगी'पासून आले म्हणावे, तर ज्या केरळात हे पीक जुन्या काळापासून मुबलक आहे तिथल्या माणसाने अंगणातल्या कंदाचे नाव परक्या भाषेतून मागून आणले असे मानावे लागेल. अशक्य नाही, पण एका बाजूला जोडशब्दाचे दोन्ही भाग जिवंत भाषेत जसेच्या तसे मिळत असताना दुसरीकडे दोन्ही भागांसाठी खटपट करावी लागत असेल, तर कौल पहिल्या बाजूला जातो. बरो आणि एमेनो यांनी आपल्या द्राविडी व्युत्पत्तिकोशात 'इंजी'ला स्थान दिले आहे, ते उगीच नव्हे.

जुना नुस्खा

आमच्या घराण्यात तीन पिढ्या हकिमी होती, त्यामुळे मी दुसऱ्या दारातून आत येतो. वडिलांच्या नुस्ख्यांत अद्रक आणि सुंठ यांसाठी दोन वेगळे शब्द असत. ओल्याला 'अद्रक' आणि वाळलेल्याला 'जंजबील'. 'जवारिश जंजबील' हे पाचक आजही युनानी दुकानांत मिळते; डब्याचे झाकण उघडले की आधी साखर दिसते आणि मग घशात सुंठ जाणवते. वर दिलेली साखळी वाचताना माझ्या ध्यानात आले, की जंजबील हा तुमच्या जिंजरचा चुलतभाऊ आहे. 'सिंगिवेर' हा शब्द इराणात गेला, तिथून अरमाईकसारख्या भाषांतून अरबीत आला आणि शेवटच्या 'र'चा 'ल' झाला. कुराणाच्या 76व्या सूरेत, स्वर्गातल्या पेयात जंजबील मिसळलेले असेल असा उल्लेख आहे. अरबी कोशकारांनीही हा शब्द मूळचा अरबी नसून फारसीकडून आल्याचे नोंदवून ठेवले आहे.

मला विशेष वाटते ते हे, की हा शब्द मलबारच्या किनाऱ्यावरून निघून इराण-अरबस्तान फिरून निजामाच्या राज्यात, आमच्या गल्लीतल्या दवाखान्यात परत आला, आणि इथे आल्यावर त्याला कोणी ओळखले नाही. एकाच कपाटात वरच्या फळीवर वैद्यांचे 'शृंगवेर' आणि खालच्या फळीवर हकिमांचे 'जंजबील' असे, आणि दोघेही एकमेकांना परके समजत.

आपल्या घरगुती प्रश्नाबद्दल. मराठवाड्यात अद्रक हा शब्द रुजला तो उर्दूच्या सहवासामुळे, यात मला शंका नाही. 1948 पर्यंत कचेरीची आणि शाळेची भाषा तीच होती. पण म्हणून तो परका ठरत नाही. अमरकोशातला 'आर्द्रक' आणि आमचा 'अद्रक' यांत फक्त एका रफाराचे आणि एका काना-मात्रेचे अंतर आहे.

पैनगंगा

जुना नुस्खा यांचे बरोबर आहे, आणि 'आले'ही त्याच 'आर्द्रक'चे लेकरू आहे. आर्द्र म्हणजे ओले. प्राकृतात त्याची 'अल्ल' आणि 'ओल्ल' अशी दोन्ही रूपे होत. पहिल्यापासून 'आले' झाले आणि दुसऱ्यापासून 'ओला'. म्हणजे ओले आले हे दोन शब्द नसून एकच शब्द दोनदा म्हटल्यासारखे आहे. तेव्हा गादीवाफा सर, पुण्याचे पाहुणे आणि आपण यांच्यात भांडण नाही. आपण आर्द्रकाचा 'द्र' राखला आणि त्यांनी तो विरघळवला. 'जिंजर'शी मात्र या दोन्ही शब्दांचा रक्ताचा संबंध नाही. ती 'ओलेपणा'वरून पडलेली नावे आहेत.

मी किनवट तालुक्यात शिक्षिका आहे. आमच्याकडे आठवडी बाजारात पलीकडच्या तेलंगणातून विक्रेत्या येतात आणि त्या 'अल्लम' म्हणतात. पहा कसा तिढा आहे: तेलुगू ही द्राविडी भाषा, पण तिच्यातला 'अल्लम' प्राकृतातल्या 'अल्ल'शी जुळतो, आणि संस्कृतातला 'शृंगवेर' मात्र द्राविडी भाषांतून आलेला. शेजाऱ्यांनी एकमेकांच्या घरातले भांडे नेले आणि दोघांनाही आता ते आपलेच वाटते.

चाळण यांनी शब्दारंभीचा 'स' गळाल्याचे सांगितले, त्याचे जिवंत उदाहरण माझ्या वर्गात आहे. आमच्या शाळेत गोंड समाजाची मुले मोठ्या संख्येने आहेत. गोंडीत पाचाला 'सैयुंग' आणि सहाला 'सारुंग' म्हणतात. तेलुगूत हेच शब्द 'अइदु' आणि 'आरु', आणि तमिळमध्ये 'ऐंदु' आणि 'आरु' असे आहेत. गोंडीने आरंभीचा 'स' जपला, दक्षिणेने सोडला. 'सिंगि' आणि 'इंजी' यांच्यात काय घडले असेल, हे पुस्तक न उघडताही गोंडी मुलाकडून पाढे म्हणून घेतले की कानाला कळते. मी हे पहिल्यांदा वर्गात सांगितले, तेव्हा मागच्या बाकावरची एक मुलगी, जी एरवी तोंड उघडत नाही, उभी राहून दहापर्यंत मोजून खाली बसली.

गादीवाफा

सर्वांचे मनापासून आभार. एवढे मिळेल असे वाटले नव्हते. पैनगंगा ताई, आपले गोंडीचे उदाहरण मी फळ्यावर घेतो आहे. आमच्याकडे गोंडी बोलणारे कोणी नाही, पण पाच आणि सहा हे आकडे सगळ्यांना येतात.

आज सकाळी बेण्याच्या ढिगाऱ्यापाशी बसून पुन्हा एक गड्डा हातात घेतला. आमच्याकडे माहीम जातीचे बेणे असते. वरची माती निघाल्यावर खाली पिवळसर राखाडी साल, तिच्यावर आडव्या वलयांच्या रेघा, आणि प्रत्येक फाट्याच्या टोकाला एक फुगीर गुलाबी-पांढरा डोळा. दोन-तीन डोळे राखून तुकडा मोडला की 'कट्' असा आवाज येतो आणि मोडलेल्या जागी बारीक दोरे लोंबतात. शिंग मोडल्यावर असे होत नाही. वक्त्यांना कंद दुरून दिसला असावा, किंवा मला तो फार जवळून दिसतो आहे.

फळ्यावर मी आता असे लिहायचे ठरवले आहे: वर मोठ्या अक्षरांत 'सिंगिवेर', त्यातल्या 'सिंगि'पासून डावीकडे एक बाण 'इंजी'कडे, उजवीकडून दुसरा 'झिंगिबेरिस', 'गिंगिबेर', 'जिंजर' असा, खालून तिसरा 'जंजबील'कडे, आणि 'शृंगवेर' बाजूला चौकटीत, त्याला तुटक रेघ. दोन 'ज' दोन रंगांच्या खडूंनी. चौकटीपाशी काय लिहावे हे अजून ठरत नाही. 'चूक' असे लिहायला हात धजत नाही, कारण अमरकोशातला शब्द चूक कसा म्हणायचा?

एक शेवटचा प्रश्न. मुलांच्या पाठ्यपुस्तकात 'जिंजरब्रेड' आणि 'जिंजर्ली' हे दोन शब्द आले आहेत. ते याच कुळातले धरावेत ना?

शब्दांची चाळण

'चूक' लिहू नका. शब्द खरा आहे, वापरातला आहे, चरकसंहितेतही आहे. फक्त त्यातले शिंग उपरे आहे. चौकटीपाशी 'नवे कपडे' असे लिहिले तर मुले स्वतःच विचारतील.

'जिंजरब्रेड' कुळातला आहे, पण त्यातला 'ब्रेड' नाही. जुन्या फ्रेंचमध्ये साखरेत मुरवलेल्या आल्याला 'जिंजब्रा' असे काहीसे म्हणत. इंग्रजांना तो शेवटचा भाग कळेना, म्हणून त्यांनी त्याला 'ब्रेड' केले, आणि नाव तसे पडल्यावर कालांतराने पदार्थही पावाच्या अंगाने जाऊ लागला. शृंगवेरात शिंग जसे शिरले तसाच जिंजरब्रेडमध्ये पाव शिरला. एकाच शब्दाला दोन टोकांच्या दोन देशांत, हजाराहून अधिक वर्षांच्या अंतराने, तोच अनुभव आला.

'जिंजर्ली' मात्र सोडून द्या. जपून, हलक्या हाताने असा त्याचा अर्थ आहे आणि तो बहुधा 'नाजूक' या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दापासून निघाला आहे. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात, तसा हा शब्द आल्यावाचून जिंजर झाला आहे.

लेणीवाट

फळ्याचे छायाचित्र सोमवारी इथे अवश्य टाका. आणि सर, पालीतला अनुस्वार 'सि'वर द्यायचा आहे, 'गि'वर नाही. घाईत उलटे होते.